आधी भोकं, मग शिडं

बोटीवर राहतो म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे निळं पाणी, पांढरं शीड आणि हातात शहाळं असं चित्र उभं राहतं. वर्षातले काही महिने ते खरंही असतं. पण त्या महिन्यांच्या आधी आमची बोट मलेशियाच्या लंगकावी बेटावर एका यार्डात लोखंडी टेकूंवर उभी असते आणि मी तिच्या पोटाखाली, नाकातोंडाला मास्क लावून, सँडर चालवत असते. हे त्या दिवसांबद्दल.

बोट अडतीस फुटी, फायबरग्लासची, एका डोलकाठीची, नव्वदच्या दशकात बांधलेली. नवरा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता, मी बँकेत. मुलगी नोकरीला लागली, ठाण्याचं घर भाड्याने गेलं आणि आम्ही इकडे आलो. जागा निवडण्यामागे भावना वगैरे काही नव्हती. लंगकावी विषुववृत्तापासून जेमतेम सहा अंशांवर आहे, त्यामुळे चक्रीवादळं इथे जवळपास येतच नाहीत. शिवाय १९८७पासून हे बेट करमुक्त आहे. कुठल्याही देशातून पंपाचा सुटा भाग मागवला तरी त्यावर जकात पडत नाही, आणि जुन्या बोटीवर राहणाऱ्याला सुटे भाग सतत लागतात.

हंगाम ठरवतो तो वारा. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर थेट आदळतात. नांगर टाकावा अशा बहुतेक जागा उघड्या पडतात. मलाक्काच्या सामुद्रधुनीत याच काळात रात्री-अपरात्री ‘सुमात्रा’ येतात. सुमात्रा बेटावरून उठणारी ही वादळी ढगांची रांग तासाभरात येऊन, झोडपून निघून जाते. नोव्हेंबरअखेर वारा ईशान्येला फिरतो. मग तो जमिनीवरून येतो, पाणी सपाट होतं, पाऊस थांबतो आणि एप्रिलपर्यंत मजा असते. आपल्या कोकणात होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात घालतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथली पौर्णिमा तीनेक महिने उशिरा येते. अडचण अशी की लंगकावीत सप्टेंबर-ऑक्टोबर हे सर्वात ओले महिने, आणि रंगकामही नेमकं तेव्हाच करायचं असतं.

या वेळचा बेत लांबचा होता. डिसेंबरमध्ये फुकेत, मग सिमिलान आणि सुरिन बेटं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत वारा स्थिरावला की पश्चिमेला श्रीलंका, तिथून मालदीवच्या उत्तर टोकाला उलिगान. फुकेत ते श्रीलंका म्हणजे हजार-अकराशे सागरी मैल. आमच्या वेगाने आठ-नऊ दिवस, मधे दुकान नाही, मेकॅनिक नाही. “मग मुंबईलाच या की,” असं ठाण्याहून दर फोनला येतं. फेब्रुवारीनंतर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वारा वायव्येकडून येतो. कोचीहून वर मुंबईला जायचं म्हणजे दुपार दुपार त्याच्याच तोंडावर आपटत राहायचं. हे समजावून सांगितलं की पलीकडून “बरं” येतं आणि पुढच्या फोनला तोच प्रश्न.

बोटीच्या कामांची यादी संपत नसते. ती संपवायच्या नादात तीन-तीन हंगाम यार्डातच काढलेली माणसं इथे आहेत. त्यांची बोट दरवर्षी जास्त देखणी होते आणि हलत मात्र नाही. आमच्या यादीला म्हणून तीन रकाने असतात. पहिला: जे पाणी आत आणेल. दुसरा: जे डोलकाठी पाडेल. तिसरा: बाकी सगळं. पहिले दोन पुरे झाल्याशिवाय तिसऱ्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. गादीचं कापड, स्पीकर, लाकडाचं पॉलिश सगळं तिसऱ्यात. इंजिन कुठल्या रकान्यात, यावर आमचं दरवर्षी भांडण होतं.

सुक्यावर काढलेल्या बोटीत राहणं हा वेगळा विषय आहे. घर तेच, पण दाराशी दहा फुटी शिडी. सिंकचं पाणी एरवी समुद्रात जातं. इथे ते खाली रंगकाम करणाऱ्याच्या डोक्यावर पडेल, म्हणून सिंकखाली बादली. संडास बंद, कारण तोही समुद्राच्या पाण्यावर चालतो. रात्री जायचं तर डोक्याला टॉर्च बांधून शिडी उतरा, चिखलातून यार्डाच्या बाथरूमपर्यंत जा, परत येऊन पाय धुवा आणि शिडी चढा. त्यामुळे संध्याकाळी सहानंतर आम्ही दोघंही चहा घेत नाही. मुंग्या टेकूंवरून चढतात, म्हणून टेकूंच्या पायांभोवती बोरिक पावडर. माकडं मात्र कशालाच जुमानत नाहीत. उघड्या हॅचमधून, म्हणजे छतातल्या झडपेतून, आत येऊन त्यांनी शेजाऱ्यांचा अख्खा ब्रेड आणि चष्मा पळवला. ब्रेड खाल्ला, चष्मा झाडावर टांगून ठेवला. बोटींच्या सावलीतून मोठमोठ्या घोरपडी निवांत फिरतात. यशवंतीचे नातलग म्हणून मी त्यांना मानाने वाट देते.

बोट उचलल्यावर पहिला तास महत्त्वाचा. यार्डाचा फोरमन, त्याला सगळे पाकचिक म्हणतात, उच्च दाबाच्या पाण्याने तळ धुतो. तळाला चिकटलेले शिंपल्यासारखे जीव, म्हणजे बार्नेकल, ओले असताना पातीने खरवडले की निघतात. वाळले की सिमेंट. धुऊन झालं की तळ ओला असतानाच हात फिरवत पूर्ण फेरी मारायची. फोड डोळ्यांना दिसत नाहीत ते तळहाताला कळतात. फायबरग्लास वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की पाणी हळूहळू आत मुरतं, आतल्या न जिरलेल्या रसायनांशी संयोग पावतं आणि बाहेरच्या थराखाली आम्लट द्रवाचे फोड येतात. सुईने टोचलं तर पिचकारी उडते आणि व्हिनेगरसारखा वास येतो. आमच्या बोटीला पाण्याच्या रेषेखाली, उजव्या अंगाला, रुपयाच्या नाण्याएवढे काही फोड निघाले. ग्राइंडरने उघडायचे, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे आणि वाळू द्यायचे. यातला शेवटचा शब्द ऑक्टोबरच्या लंगकावीत फार अवघड.

आम्ही बोटीभोवती ताडपत्रीचा घागरा बांधला. आत दोन पंखे. तरी हवेत इतका ओलावा की इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळून घट्ट होणारी राळ, लावल्यावर तिच्यावर मेणचट साय धरते. ती सँडपेपरने घासायची नसते, नाहीतर आणखी आत जाते. आधी साध्या पाण्याने आणि खरबरीत स्पंजने पुसून काढायची आणि मगच घासायचं. हे करायचा कंटाळा केला तर वरचा रंग हंगामाच्या मध्यावर पापुद्र्यांनी सुटतो.

रंगकामाचं सगळं कसब अंगठ्यात आहे. इपॉक्सीचे थर एकावर एक देत गेलं की शेवटच्या थरावर शेवाळरोधक रंगाचा पहिला हात नेमक्या वेळी पडावा लागतो. अंगठा दाबला तर ठसा उमटला पाहिजे, पण अंगठ्याला काही चिकटता कामा नये. ही वेळ अर्ध्या-पाऊण तासाची असते. चुकली तर पूर्ण वाळू द्या, पुन्हा सगळा तळ घासा. त्या दिवशी मी बोटीला प्रदक्षिणा घालत दर दहा मिनिटांनी अंगठा लावत होते आणि नवरा रंगाचा डबा ढवळत बसला होता. तांब्याची पूड तळाशी बसते, त्यामुळे ढवळणं थांबवलं की वरचा रंग नुसता लाल पाणी. डबा महागडा, आणि पैसे तांब्याचेच मोजलेले असतात.

पहिल्या रकान्यातली खरी मंडळी म्हणजे तळाला असलेली भोकं. इंजिन थंड ठेवायला पाणी आत येण्याचं, सिंकचं, संडासाचं, वेग मोजणाऱ्या चक्राचं. धडधाकट बोटीच्या तळाला कुणी मुद्दाम इतकी भोकं पाडतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती. प्रत्येक भोकाला व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्या धातूवर सगळी भिस्त. साध्या पितळेत जस्त असतं. समुद्राच्या पाण्यात ते जस्त वर्षागणिक निघून जातं आणि मागे उरतं ते सच्छिद्र तांबं. आकार तोच, ताकद शून्य. तपासणी सोपी: कानशीने जरा घासा. पिवळंधमक चमकलं तर ठीक, गुलाबी दिसलं तर काढून टाका. संडासाच्या व्हॉल्व्हची नळीकडची तोटी गुलाबी निघाली. नवऱ्याने त्यावर पान्हा टेकवून जरा जोर लावला, तर ती कडकन मोडून हातात आली. हेच समुद्रात, एखाद्या लाटेच्या धक्क्याने झालं असतं, एवढंच तो म्हणाला आणि उरलेले सगळे बदलायची यादी करायला बसला. नवे कांस्याचे घातले. प्रत्येक व्हॉल्व्हला सुतळीने मऊ लाकडाची एक खुंटी बांधून ठेवली. व्हॉल्व्ह गेलाच तर ती ठोकायची. काम झाल्यावर बोटीत सगळीकडे अशा खुंट्या लोंबत होत्या.

सुकाणूतून पाणी गळत होतं. बोट बाहेर काढून आठवडा झाला तरी खालच्या कोपऱ्यातून, फडक्यात टांगलेल्या चक्क्यातून गळावं तसं, थेंब थेंब चालूच. सुकाणूचं पातं म्हणजे फायबरग्लासच्या दोन कवचांत फोम आणि मधे स्टीलचा सांगाडा; वर जिथे दांडा आत शिरतो तिथली फट पाणी आत घेते. तळाशी छिद्र पाडून आम्ही पाणी जाऊ दिलं, वरची फट खरवडून नव्याने भरली. बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) दांड्याचं रबरी बेअरिंगही झिजलं होतं; पंखा धरून हलवला की टकटक जाणवे. नवं मागवलं ते भलत्याच मापाचं आलं. दांडा ३० मिलिमीटरचा आणि पाकिटात सव्वा इंची. विक्रेत्याने “जवळपास तेच आहे” असं कळवलं. बेअरिंगमध्ये जवळपास असं काही नसतं. त्यात पंधरा दिवस गेले.

ते गेले ते एका अर्थी बरंच झालं. मलेशियात भारतीय पासपोर्टवर डिसेंबर २०२३पासून बिनव्हिसा ३० दिवस राहता येतं, आणि यार्डाचं काम तेवढ्यात आटपत नाही. म्हणून फोड उघडून धुतले, आत पंखे चालू ठेवायला पाकचिकना सांगितलं आणि आम्ही गणपतीला ठाण्याला गेलो. तळ वाळतोय आणि आपण मोदक खातोय, याहून चांगला उपयोग त्या दिवसांचा झाला नसता. परतताना बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कोकम, सोडे आणि हॉकिन्स कुकरची चार गॅस्केटं. विमानतळावर ती काळी रबरी वेटोळी पाहून अधिकाऱ्याने काय आहे म्हणून विचारलं. आम्ही इंजिनाचे भाग मिरवत नेतो तेव्हा कुणी विचारत नाही.

दुसरा रकाना वर बघायचा. डोलकाठी पंधरा मीटर उंच आणि तिला उभी धरतात त्या स्टीलच्या तारा. विमा कंपन्या दहा-बारा वर्षांनी तारा बदला म्हणून मागे लागतात, आणि या बाबतीत त्यांचं ऐकावं. वजनाने हलकी म्हणून वर मी जाते. खाली विंच फिरवायला नवरा, आणि दोरी दोन: एक खुर्चीची, एक जिवाची. वर गेल्यावर गप्पा नाहीत. आडव्या दांड्यांची टोकं, कप्प्यांच्या खिळी, प्रत्येक पिनेची वळवलेली शेपटी, सगळं बोटाने चाचपायचं, फोटो काढायचे आणि खाली येऊन मोठे करून बघायचे. गडबड मात्र बहुधा वर सापडत नाही, ती डेकजवळ असते. तारेच्या खालच्या टोकाची दाबून बसवलेली नळी तोंड वर करून उभी असते. खारं पाणी तारेवरून ओघळत तिच्यात साचतं. तिथेच तार कुजते, बाकी दहा मीटर झळझळीत दिसत असताना. आमच्या उजव्या बाजूच्या एका तारेवरून कापूस फिरवला तर तो नळीच्या तोंडाशी अडकला. एक धागा तुटून बाहेर आलेला होता, केसाएवढाच वर. एक तुटला म्हणजे बाकीच्यांचं आयुष्य संपत आलेलं असतं.

सगळ्या तारा बदलायच्या ठरल्या. दाबयंत्रं बेटावर नव्हती, पण स्टा-लॉकची पेचाची टोकं आपल्या हाताने बसवता येतात. हे काम मला बोटीच्या सगळ्या कामांत आवडतं. यार्डातल्या लाकडी टेबलावर आठ मिलिमीटरची तार घट्ट धरली. या तारेत एकोणीस धागे असतात, बाहेर बारा आणि आत सातांचा गाभा. आधी टोकाचं कवच तारेवर सरकवून घ्यायचं. मग बाहेरचे बारा धागे उलगडायचे, गाभ्यावर छोटा शंकू चढवायचा आणि बारा धागे पुन्हा त्याच्याभोवती समान अंतराने निजवायचे. शंकूला एक चीर असते. एकही धागा त्या चिरेत पडला तर ते टोक बाद. कवच वर ओढून खालचा भाग पेचाने आवळला की धागे आत वळून शंकूला मिठी मारतात. ते पुन्हा उघडायचं आणि बघायचं: बाराही धागे एका चालीने वळलेत ना. मग आत सीलंट भरायचं, म्हणजे पाणी साचायला जागाच उरत नाही, आणि शेवटचं आवळायचं. शेजारचा फ्रेंच म्हातारा, ज्याने दोनदा अटलांटिक पार केलाय आणि जो एरवी कुणाशी बोलत नाही, पहिली दोन टोकं होईपर्यंत डोक्याशी उभा राहिला. तिसऱ्याला निघून गेला. पास झाले असं मी समजले.

तारा एकेक करून बदलल्या, तोवर डोलकाठी दोऱ्यांनी ताणून धरलेली. तारा ज्या पट्ट्यांना अडकतात त्या डेकमधून आत जाऊन बोटीच्या अंगाला बोल्टने जोडलेल्या असतात. त्याही उपसून काढल्या. स्टेनलेस स्टीलला गंज न चढायला प्राणवायू लागतो, त्यानेच त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा टिकतो. डेकच्या जाडीत, ओल्या आणि हवाबंद जागी तो टिकत नाही आणि तिथेच भेगा पडतात. आमच्या दोन पट्ट्यांवर तपकिरी ओघळ होता. भेगांत शिरणारा पेनिट्रंट रंग लावून पुसला तर एकीवर बारीक लाल रेघ उमटून राहिली. नवी करून घेतली, जुनी नवऱ्याने जपून ठेवलीय, कुणी “एवढं कशाला” म्हणालं की दाखवायला.

दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये म्हादेई या शिडाच्या बोटीतून एकट्याने जगप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. ती बोट गोव्यात दिवाडीला बांधलेली. आमच्यासारख्या अनेकांच्या डोक्यात हे खूळ शिरलं ते तिथून. त्या प्रवासांबद्दल आपण ऐकतो ते लाटा आणि एकांताबद्दल. निघण्याआधी अशी हाताची बोटं कुणीतरी त्या बोटीच्याही प्रत्येक पिनेवरून फिरवली असणार.

विजेचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर तासन् तास बोलणारी माणसं प्रत्येक बंदरात भेटतात. शिशाच्या बॅटऱ्या काढून लिथियम आयर्न फॉस्फेटच्या घातल्या, छतावर सौर पॅनेलं वाढवली. एकच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: लिथियम बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढत राहते आणि इंजिनावरचा साधा अल्टरनेटर त्या पायी तापून जळतो. तापमान बघून प्रवाह कमी करणारा बाहेरचा रेग्युलेटर लागतो. तो न बसवता बॅटरी घेणं म्हणजे दोन्ही घालवणं.

डिझेलवर मात्र वेळ घालवला. मलेशियात २०१९पासून वाहनांच्या डिझेलमध्ये किमान दहा टक्के पाम तेलाचं बायोडिझेल असतं. ते ओलावा धरून ठेवतं. पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढतात. काळा, बुळबुळीत गाळ. बंदरात उभ्या बोटीत तो तळाशी गप्प असतो. समुद्रात बोट हिंदकळली की ढवळून वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडतं, तेही नेमकं अरुंद तोंडातून आत शिरताना, कारण लाटा तिथेच जास्त असतात. टाकीचं झाकण उघडून सगळं डिझेल पिंपात काढलं, हात खांद्यापर्यंत आत घालून तळ पुसला, डिझेल गाळून परत भरलं. इंजिनाचे पंपाचे रबरी पंखे, पट्टे, फिल्टर यांचे जादा संच एका डब्यात. बोटीभर पसरलेला डिझेलचा वास मात्र मेतकुटाच्या डब्यालाही लागला, आणि याबद्दल मी अजून पुरतं माफ केलेलं नाही.

समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र आहे. साधारण ५५ बार दाबाने खारं पाणी पडद्यातून ढकलतं. ते वापरात नसताना पडद्यावर जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात ठेवायचं असतं. सरबतं टिकवायला आपण केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) घालतो, त्याचंच हे भावंड. क्लोरीन पडद्याला विष, म्हणून नळाच्या पाण्याने धुवायचं तर आधी कार्बन फिल्टरमधून. गढूळ बंदरात चालवायचं नाही. बाकी ते सुखाने चालतं.

जीवरक्षक तराफा तपासायला दिला तेव्हा मुद्दाम बघायला गेलो. एरवी पांढऱ्या डब्यात घडी घालून बसलेली ती वस्तू हॉलभर फुगून उभी राहिली. आत पाण्याची पाकिटं, बोथट टोकाचा चाकू, उलटी थांबवायच्या गोळ्या, भोक बुजवायच्या रबरी खुंट्या. पुन्हा घडी घालताना त्यात आमच्या दोघांच्या नंबरचे जुने चष्मे ठेवायला लावले. तपासनीस हसला नाही. बरेच जण ठेवतात म्हणाला. उपग्रहाला ४०६ मेगाहर्ट्झवर हाक देणाऱ्या यंत्राची बॅटरी बदलली, त्याच्या नोंदणीतला ठाण्याचा फोन नंबर चालू आहे ना ते बघितलं. डेकवर कमरेचा पट्टा अडकवायच्या नायलॉनच्या पट्ट्या उन्हाने कुजतात, त्या नव्या.

आणि मग माझं खातं. कुआह गावात तमिळ वाण्यांची दुकानं आहेत. डाळी, आटा, रवा, हिंग, कढीपत्ता सगळं मिळतं. पहिला नियम: पुठ्ठा बोटीवर येत नाही. त्याच्या नळकांड्यांत झुरळांची अंडी असतात आणि एकदा झुरळं आली की बोट विकेपर्यंत जात नाहीत. सामान धक्क्यावरच उघडायचं, खोकी तिथेच टाकायची. तांदूळ, रवा, डाळी पाण्याच्या वाळवलेल्या बाटल्यांत दाबून भरायच्या. किडे झाले तर एका बाटलीपुरते. कांदे-बटाटे लांब लांब, एकत्र ठेवले की दोन्ही लवकर जातात. न धुतलेली, फ्रीजमध्ये कधीच न गेलेली अंडी आणायची आणि एक दिवसाआड उलटी करायची, आठवडे टिकतात. लोणच्याच्या बरण्यांना नवऱ्याचे जुने लोकरीचे मोजे, म्हणजे लाटेत एकमेकींवर आपटत नाहीत.

शेजारच्या ऑस्ट्रेलियन बाई डबाबंद भाज्यांची रास लावत होत्या. मी त्यांना मटकी दाखवली. हिरवं काही उरलं नाही की कडधान्य भिजवायचं, मोड काढायचे. या उकाड्यात एका रात्रीत मोड येतात. आठव्या दिवशी समुद्रात कुरकुरीत, ताजं खाणं याहून स्वस्तात मिळत नाही. कुकर तर बोटीसाठीच काढलाय असं वाटतं. झाकण बंद, म्हणजे बोट कितीही कलली तरी उकळतं पाणी अंगावर नाही. गॅस निम्मा, पाणी कमी, आणि शिट्टी झाली की गुंडाळून ठेवला तर दोन तासांनी जेवण गरम. भातात तिसरा हिस्सा समुद्राचं पाणी चालतं, मीठ वेगळं नको. रात्रीच्या पहाऱ्यासाठी भाजलेल्या रव्याची उपम्याची पाकिटं बांधून ठेवली: फोडणी आधीच घातलेली, वर नुसतं आधण. थालीपीठ मात्र लाटांत खरं उपयोगी. पोळी लाटायला सपाट ओटा आणि स्थिर पाय लागतात, थालीपीठ तव्यातच थापता येतं.

पाण्यात उतरवण्याच्या आदल्या संध्याकाळी बोट पट्ट्यांत उचलून टांगतात. टेकूंखालचे आणि कीलच्या, म्हणजे तळाच्या जड पात्याच्या, बुडाचे चौकोन तेव्हाच रंगवता येतात. पंख्याच्या दांड्यावर नवा जस्ताचा गोळा बसवला. बाकीचा धातू वाचावा म्हणून हा झिजतो, त्यामुळे त्याला रंग लावायचा नसतो, आणि हे हौशी रंगाऱ्याला दोनदा सांगावं लागतं. सकाळी भरतीला बोट पाण्यात गेली, पण पट्टे सैल करू दिले नाहीत. पाकचिकही घाई करत नाहीत. मी पुढून आणि नवरा मागून, टॉर्च घेऊन, एकेक व्हॉल्व्ह बघत मधे भेटलो. दांड्याच्या रबरी भात्यात हवा अडकलेली असते, ती हाताने दाबून पाणी शिरेपर्यंत काढावी लागते, नाहीतर तो कोरडा घासून जळतो. वेगाच्या चक्राच्या बैठकीतून बारीक पाझर होता. रिंगेला ग्रीस लावून पुन्हा बसवली, थांबला. इंजिन चालू, मागून पाणी फुरफुरत बाहेर. मग पट्टे काढायला सांगितले.

तारांचा ताण पाण्यात आल्यावरच लावायचा. आठवडाभर कुआहसमोर नांगरावर राहिलो, रोज शिडं उभारून, एका बाजूला कलवून, पलीकडच्या सैल तारा अर्धा-अर्धा फेरा आवळत. नांगराची साखळी उलटी केली, म्हणजे झिजलेलं टोक वर पेटीत गेलं, आणि दर दहा मीटरला नव्या रंगाचे पट्टे ओढले. मग कुआहच्या जेट्टीवर बंदर, कस्टम, इमिग्रेशन असे तीन शिक्के.

निघालो तेव्हा तिसरा रकाना जवळजवळ जसाच्या तसा होता. गाद्यांचं कापड नाही, पॉलिश नाही, फ्रीजचं झाकण अजून दोरीने बांधलेलं. फुकेतच्या चलाँग खाडीत नांगर टाकेपर्यंत त्यात आणखी काही ओळी वाढल्या, आणि एक सरळ पहिल्या रकान्यात गेली: पुढच्या हॅचचं रबर. नव्या तारांच्या जोरावर आम्ही बोट जरा जास्तच दामटली होती. बोटीच्या पुढच्या टोकावरून आलेलं पाणी त्या हॅचमधून थेट माझ्या उशीवर. ते रबर मीटरवर मिळतं. फुकेतच्याच ‘बोट लगून’ नावाच्या बंदरातल्या दुकानात जाऊन लागेल त्याच्या दुप्पट घेतलं, कारण मागच्या हॅचचंही त्याच वयाचं आहे.